दारावर अडकवलेली पाटी

स्टुटगार्टमधल्या आमच्या पहिल्या घरात राहायला जाऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. एका सोमवारी सकाळी दार उघडलं, तर बाहेरच्या मुठीला दोरीने एक लाकडी पाटी अडकवलेली. तिच्यावर एकच शब्द: केअरवोखे. शब्दकोश काढून बसले. 'केअरन' म्हणजे झाडणं, 'वोखे' म्हणजे आठवडा. माझ्या मराठी कानाला त्यात सरळ 'केर'च ऐकू आला, त्यामुळे तो शब्द मी पुन्हा कधी विसरले नाही. त्या आठवड्यात इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी आमची होती. बर्फ पडला तर तोही आम्हीच सकाळी सातच्या आत बाजूला सारायचा. आठवडा संपला की पाटी काढून शेजारच्या दाराला अडकवायची.

श्वाबेन या नैऋत्य जर्मनीतल्या भागातली ही पद्धत फार जुनी आहे. स्टुटगार्टच्या नगरनियमांत तिची मुळं पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जातात. शहराने सक्तीचा नियम काही दशकांपूर्वी काढून टाकला, पण घरांच्या भाडेकरारांत ती आजही लिहिलेली असते आणि लोक ती पाळतात. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "पैसे देऊन माणूस लावा, कशाला त्या भानगडीत पडता?" माणूस लावता येतो. मीही लावणारच होते. पण पहिल्या शनिवारी मी नुसती झाडू घेऊन जिन्यात उभी राहिले आणि तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या. माझ्याजवळ तेव्हा चाळीसेक जर्मन शब्द असतील. त्यांनी झाडू माझ्या हातातून घेतला, मला वरच्या मजल्यावर नेलं आणि वरून खाली कसं यायचं, कठडा कशाने पुसायचा, कोणत्या पायरीचा कोपरा सगळे विसरतात, ते करून दाखवलं. प्रत्येक मजल्यावर थांबून कोणाच्या दारामागे कोण राहतं तेही सांगितलं. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी भाडेकरूची शेजारीण झाले.

आता या गोष्टीला नऊ वर्षं होतील. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना, आणि आता निघायच्या तयारीत असलेल्या हजारो तरुणांना, मला जे सांगायचं आहे ते त्या जिन्यातून सुरू होतं. परदेशातला खरा नवा अनुभव बघायला जाऊन किंवा चाखून मिळत नाही. तिथल्या कामात आपली पाळी घेतली की तो मिळतो. आणि ही पाळी घ्यायचं आपल्यातले बहुतेक जण टाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सत्य आहे.

आपलं इथलं आयुष्य कसं असतं ते बघा. नोकरी गाडीच्या किंवा संगणकाच्या क्षेत्रातली, तिथली भाषा इंग्रजी. पुण्याजवळच्या चाकणचा आणि स्टुटगार्टचा धंद्याचा संबंध इतका घट्ट आहे की ऑफिसात निम्मे चेहरे ओळखीचे निघतात. किराणा भारतीय दुकानातून, तूरडाळीपासून कांदा-लसूण मसाल्यापर्यंत. घर शोधायचं ते चार मराठी कुटुंबं असलेल्या वस्तीत. डॉक्टर इंग्रजी बोलणारा. शनिवार-रविवार एकमेकांकडे जेवणं, आणि मोठी सुट्टी आली की पॅरिस, प्राग, इंटरलाकेन. मी अशी कुटुंबं जवळून ओळखते, ज्यांनी सात वर्षांत वीस देश पाहिले आणि एकाही जर्मन घरात चहा प्यायलेला नाही. त्यांच्या भिंतीवर युरोपचा नकाशा आहे, त्यात टाचण्या टोचलेल्या आहेत. ज्या गावात ते राहतात त्या गावाच्या नावावर मात्र टाचणी नाही. ही माणसं आळशी नाहीत, घाबरटही नाहीत. सातासमुद्रापार येऊन संसार उभा करणारा माणूस घाबरट कसा असेल? पण नव्याला सामोरं जायचं म्हणजे प्रवास करायचा, अशी त्यांची समजूत झाली आहे. प्रवासात आपण पाहुणे असतो. पाहुण्याला कोणी झाडू देत नाही.

पाहुणेपणाची सवय किती महाग पडते हे जर्मनीने एकदा पाहिलेलं आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. येणाऱ्यांना नावच दिलं होतं 'गास्टआर्बायटर', पाहुणे कामगार. करारात सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती. ती १९६४ मध्ये काढली गेली. १९७३ मध्ये भरती थांबवली, तरी आलेली माणसं राहिली, बायका-मुलं आली, नातवंडं झाली. सरकार म्हणत राहिलं, हे परत जाणार आहेत; घरात आईवडीलही तेच म्हणत राहिले. दोन्ही बाजूंनी सामान बांधून ठेवलेलं, मग भाषा कोण शिकणार आणि कोण शिकवणार? स्थलांतरितांसाठी भाषेचे आणि समाजपरिचयाचे वर्ग कायद्याने सुरू झाले ते २००५ मध्ये. करारानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. या शहरात मी अशा तुर्की आज्यांना भेटले आहे, ज्यांनी तीस-तीस वर्षं कारखान्यात काम केलं आणि आज डॉक्टरपुढे बसल्यावर नातीला दुभाषी करावं लागतं. त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आपल्याला मात्र विचारलं जातं आहे, आपण शिकलेले आहोत, आणि तरीही आपल्या घराघरांत तेच वाक्य रोज ऐकू येतं: "परत जायचंच आहे ना शेवटी." मग दोन वर्षांची पाच होतात, मूल शाळेत जातं, मुलाचं जर्मन धावायला लागतं आणि पालकसभेला आई मागच्या बाकावर गप्प बसते.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळं तिथेच अडतं.

जर्मन भाषा भयंकर अवघड आहे, ही तक्रार आपण इंग्रजी बोलणाऱ्यांकडून उसनी घेतली आहे. टेबलाला आणि चमच्याला लिंग असतं याचंच त्यांना नवल वाटतं. हिंदी बोलणाऱ्याला दोन लिंगं ठाऊक असतात. आपण मात्र तो, ती, ते घेऊनच लहानाचे मोठे झालो. देअर, डी, दास यांत आपल्याला बिचकण्यासारखं काही नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे हे ऐकून माझ्या वर्गातली अमेरिकन बाई थक्क झाली होती. मला काहीच वाटलं नाही, कारण मी आजन्म 'ते पोर', 'ते लेकरू' म्हणत आले. पंचवीस म्हणताना जर्मन माणूस आधी पाच म्हणतो आणि मग वीस. इंग्रजी डोक्याचा तिथे गोंधळ उडतो, आपलं 'पंचवीस' त्याच क्रमाने जातं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलायचं, हा त्यांचा दुसरा बागुलबुवा. आपलं क्रियापद तर शेवटीच बसलेलं असतं. आणि 'झी' आणि 'डू' म्हणजे चक्क 'तुम्ही' आणि 'तू'. ऑफिसातल्या वयाने मोठ्या बाई दोन वर्षांनी एकदा कॉफीच्या वेळी म्हणाल्या, आता मला डू म्हण. इंग्रजीत याचं भाषांतर करताच येणार नाही. पण एखाद्या मोठ्या जाऊबाईंनी "अगं, आता अहो-जाहो पुरे" म्हटल्यावर जे वाटतं, तेच मला वाटलं.

अर्थात लिंगं जुळत नाहीत. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे. विभक्तीने शब्दांची रूपं बदलतात, तीही पाठ करावी लागतात. मी सोपं आहे असं म्हणत नाही. पण मराठीतून जर्मनकडे जाणारी वाट इंग्रजीवरून जाणाऱ्या वाटेपेक्षा जवळची आहे, आणि आपण सगळे इंग्रजीवरून वळसा घालून जातो. वर्गात इंग्रजी पुस्तक, मनात इंग्रजी वाक्य, मग त्याचं जर्मन. पुण्यात, मुंबईत जर्मन शिकवणाऱ्यांनी एवढं एक केलं तरी कितीतरी मुलांचा धीर वाढेल: उदाहरणं मराठीतून द्यावीत.

शब्द सापडू लागले की घरं सापडू लागतात. इकडचे लोक कुठल्याही शब्दाला 'ले' लावून त्याला लाडकं, लहानगं करतात. हाउस म्हणजे घर, 'हॉइसले' म्हणजे घरकुल. आजींनी पहिल्यांदा मला जेवायला बोलावलं तेव्हा 'लिन्झेन मिट श्पेट्सले' केलं होतं: मसुरासारख्या डाळीच्या दाट आमटीत कणकेचे शिजवलेले तुकडे. सोबतचे सॉसेज त्यांनी माझ्यासाठी वेगळे ठेवले होते. पहिला घास घेतला आणि मला सांगलीचं माजघर आठवलं. या तर चकोल्या! विदर्भातली मंडळी वरणफळं म्हणतील. फोडणी नव्हती, चिंच-गूळ नव्हता, थोडं व्हिनेगर होतं. मी आजींना चकोल्यांची कृती सांगू लागले आणि 'फोडणी' या शब्दापाशी माझं जर्मन संपलं, म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांना घरी बोलावून करून दाखवली. जिथे शब्द संपतो तिथे हात लागतो. इथले सगळे मराठी लोक क्वार्कचं श्रीखंड करतात. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. पण ते श्रीखंड आपण आपल्याच माणसांना वाढतो. ज्यांच्या दुधातून ते झालं, त्यांच्यापर्यंत वाटी पोचत नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो रास्त आहे. ज्या देशात आपण नको आहोत, तिथे एवढं का वाकायचं? फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध प्रचार करणाऱ्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. २००० साली संगणक अभियंत्यांना ग्रीन कार्ड देण्याची योजना आली, तेव्हा 'किंडर श्टाट इंडर', म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं, अशी घोषणा एका प्रांताच्या निवडणुकीत गाजली होती. हे मी विसरलेले नाही. घर शोधताना आडनाव ऐकल्यावर एका मालकाने फोन ठेवून दिला होता. एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या माणसाने मला सरळ 'डू' म्हणून हाक मारली होती, आणि तो 'डू' कुठल्या जातीचा होता हे कळण्याइतकं जर्मन मला तोवर आलेलं होतं. अपमान झाला तो झाला. त्याला अनुभव म्हणून कवटाळायची काही गरज नाही, तिथे लेखी तक्रारच करायला हवी, आणि मी ती केली.

पण ती तक्रार मी जर्मनमध्ये लिहू शकले, कारण दुरुस्त करायला खाली आजी होत्या. माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. स्थानिक आयुष्यात शिरायचं ते त्यांना खूश करण्यासाठी नव्हे. आत शिरल्यावरच आपल्याला नाही म्हणता येतं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी असतात, कौतुक आणि कुरकुर.

आपल्याकडे याची उदाहरणं आहेत आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहेत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्या प्रेक्षणीय स्थळं पाहून परतल्या नाहीत. अडीच-पावणेतीन वर्षं राहिल्या, गावोगावी व्याख्यानं दिली, आणि बालवाडीत मुलांना कसं शिकवतात ते रीतसर शिकल्या. ती फ्रोबेलची पद्धत मूळ जर्मनीतली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं तेव्हा त्या शिक्षणाचा उपयोग झाला. या सगळ्यात त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही इंग्रज धर्मगुरूंपुढे आपली बुद्धी गहाण टाकली नाही. त्यांच्याशी पत्रांतून खडाजंगी केली. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. विषय कवट्यांच्या मापांचा. गुरूला हवं होतं ते मापांतून निघेना, तर इरावतीबाईंनी जे निघालं तेच लिहिलं. बर्लिनमध्ये, त्या काळात, एका परक्या तरुण बाईने. त्यांना जर्मन येत होतं, प्रयोगशाळा त्यांची झाली होती, हत्यारं त्यांच्या हातात होती, म्हणून हे शक्य झालं.

दुसरा आक्षेप मंडळाचा. "आपलं मराठी मंडळ नको का मग?" हवं. मला मंडळाने जगवलं आहे. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी चारपासून दिवे लावून रडत बसायचे. तेव्हा आठवड्यातून एकदा मराठी ऐकू येणं हे औषध होतं. बाळंतपणात डिंकाचे लाडू मंडळातल्या बायकांनी आणून दिले, त्यांतल्या दोघींना मी तोवर भेटलेही नव्हते. गणपतीत आरतीला दोनशे माणसं उभी राहतात तेव्हा माझ्याही घशात दाटून येतं. मंडळाला मी कधीच नाव ठेवणार नाही. माझी मागणी वेगळी आहे. जुन्या घरात ओसरी असायची. येणारा जाणारा तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, आणि मग आत किंवा पुढे जायचा. मंडळ ओसरीसारखं असावं. आपण तिथेच अंथरूण घातलं आहे.

आणि गंमत ही की जर्मन समाज उभा आहे तो मंडळांवरच. त्यांच्या भाषेत 'फेराइन'. सात माणसं जमली की रीतसर नोंदणी करता येते, आणि देशात असे सहा लाखांच्या आसपास नोंदलेले फेराइन आहेत: गाण्याचे, नेमबाजीचे, गिर्यारोहणाचे, कबुतरं पाळणाऱ्यांचे. वर्गणी, कार्यकारिणी, वार्षिक सभा, खजिनदारावरून भांडण, सगळं आहे. ज्या महाराष्ट्रात प्रत्येक गल्लीत मंडळ असतं, त्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला हवं का? आग विझवायचं कामसुद्धा इथे मोठ्या शहरांपुरतंच पगारी दलांकडे आहे. अशी पगारी दलं जेमतेम शंभरेक शहरांत आहेत. बाकी सगळा देश सुमारे दहा लाख स्वयंसेवकांवर चालतो. भोंगा वाजला की बेकरीवाला आणि शिक्षक हातातलं काम टाकून बंबावर चढतात. त्यात जायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. शेजारच्या एका छोट्या गावात कोल्हापूरकडचा एक अभियंता तीन वर्षांपासून त्या दलात आहे. पुराच्या रात्री त्याने लोकांच्या तळघरांतून पाणी उपसलं. त्या गावात त्याला आता कोणी 'कुठून आलास' असं विचारत नाही. विचारतात, पुढचा सराव कधी आहे.

माझ्यासाठी तो फेराइन गाण्याचा निघाला. आजी त्यात चाळीस वर्षं गात होत्या. एका मंगळवारी त्यांनी मला बरोबर नेलं, दुसऱ्या ओळीत उभं केलं आणि हातात कागद दिला. मला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नव्हती, निम्मे शब्द कळत नव्हते. चार महिने मी बहुतेक वेळा नुसते ओठ हलवले. मोठ्या वयात पुन्हा पहिलीत बसायला लाज वाटते, हे खरं आहे, आणि मला वाटतं परदेशातला सगळ्यात मोठा अडसर हाच आहे. घरी आपण हुशार असतो. फोनवर चार वाक्यांत दुकानदाराला गप्प करतो. इथे तीच बाई तिकीट मागताना अडखळते. ज्याला स्वतःच्या हुशारीची सवय आहे त्याला हे सोसत नाही, मग तो जिथे हुशार दिसतो तिथेच, म्हणजे आपल्या माणसांत, जाऊन बसतो. शिकलेल्या माणसांच्या बाबतीत हे जास्त घडतं. माझ्या पाहण्यात भाषा भराभर शिकले ते स्वयंपाकी, काळजीवाहू मुली, डिलिव्हरीची मुलं, कारण चुकीचं बोलण्यावाचून त्यांना दुसरा मार्गच नव्हता.

यात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते नवऱ्याबरोबर आलेल्या बायकांचं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, येणाऱ्याच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि इथे आल्यावर नोकरीची पूर्ण मुभा असते. सवलत म्हणून ती चांगलीच आहे. पण होतं असं, की इंजिनियर, वकील, फार्मसी केलेल्या मुली एकही शब्द न शिकता विमानात बसतात. नवरा ऑफिसच्या इंग्रजीत सुखरूप. ती चार भिंतींत. कागदावर मुभा आहे आणि दाराबाहेर भाषा नाही. मी स्वतः अशीच आले. दोन वर्षं सगळी पत्रं नवरा वाचायचा. घरात कोणतं बिल आलं, कोणती मुदत संपली हे मला कळत नसे. ज्या बाईने सांगलीत स्वतःचं बँक खातं वयाच्या अठराव्या वर्षापासून सांभाळलं, ती इथे पत्रपेटीला घाबरू लागली. माझी सुटका मुलीच्या पाळणाघराने केली. इथे वर्षाच्या पुढच्या मुलाला २०१३ पासून पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. मूल रुळेपर्यंत पहिले काही आठवडे आईने किंवा वडिलांनी तिथे बसायचं असतं. मी बसले. लहान मुलांसारखं जर्मन दुसरं कोणी शिकवत नाही. ती एकच वाक्य वीस वेळा म्हणतात आणि तुमच्या चुकीला हसून लगेच दुसऱ्या खेळाकडे वळतात. नवऱ्याने सुट्टी काढून बसावं असं घरचे म्हणत होते. मी हट्टाने बसले, आणि तो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या निर्णयांपैकी एक होता.

हे सगळं आज लिहायचं कारण घरगुती नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच प्रांताशी, बाडेन-वुर्टेम्बेर्गशी, कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांचा आकडा त्या वेळी सांगितला गेला: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वर्षाची मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. विद्यार्थ्यांचं म्हणाल तर जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या आता सर्वांत मोठी आहे. म्हणजे ज्या गोष्टी आजवर पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांपुरत्या होत्या, त्या आता बीड, जालना, गडचिरोलीतल्या घरांत शिरणार आहेत. आणि या मुलांजवळ इंग्रजीची ढाल नसेल. वृद्धाश्रमात रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेला नव्वद वर्षांचे आजोबा श्वाबेन बोलीत दुखणं सांगतील, तेव्हा परीक्षेतलं व्याकरण तिला पुरणार नाही.

'मनुष्यबळ पुरवणं' हा शब्दच मला खटकतो. बळ पुरवलं जातं, माणूस राहायला येतो. तयारी दोन्हीकडून व्हायला हवी. आपल्याकडच्या वर्गांत व्हिसाच्या परीक्षेइतकंच महत्त्व फोनवर वेळ मागण्याला, सरकारी पत्र वाचण्याला, रविवारच्या शांततेला आणि या केअरवोखेला मिळालं पाहिजे. वर्गाला निदान महिन्यातून एकदा इथून कोणीतरी बोललं पाहिजे, आणि त्याने फक्त पगाराचे आकडे सांगू नयेत. इकडच्या रुग्णालयांनी आणि कारखान्यांनी प्रत्येक नव्या माणसामागे गावातला एक रहिवासी जोडून द्यावा. खोली आणि करार दिला की आपलं काम संपलं असं त्यांनी १९६१ नंतर पुन्हा एकदा समजू नये. आणि इथल्या मराठी मंडळांनी आलेल्या मुलांना पहिल्या रविवारी पुरणपोळी जरूर खाऊ घालावी, पण दुसऱ्या आठवड्यात हाताला धरून गावातल्या एखाद्या फेराइनच्या दारापर्यंत पोचवून यावं. आत गेल्यावर तो मुलगा अडखळेल. अडखळू द्यावं.

आमच्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तळमजल्यावर आता सीरियातून आलेलं कुटुंब राहतं. त्यांच्या दारावर पाटी पहिल्यांदा लागली त्या शनिवारी मी झाडू घेऊन खाली गेले, आणि कोणत्या पायरीचा कोपरा सगळे विसरतात ते दाखवलं.

महिन्यातून एकदा मी मराठवाड्यातल्या परिचारिकांच्या एका गटाशी फोनवर बोलते. त्यांचं जर्मन चालू आहे, कागदपत्रं व्हायची आहेत. मागच्या वेळी एकीने विचारलं, "ताई, तिथं आपली माणसं किती आहेत?" पुष्कळ आहेत म्हटलं, मंडळाचा पत्ता देते. मग तिला गाण्याच्या फेराइनबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण मला गाता येत नाही. चालतं का?"

मी म्हटलं, चालतं. मंगळवारी साडेसातला यायचं, आणि जाताना खुर्च्या आपल्यालाच उचलून ठेवायच्या असतात.